बास ॲम्पच्या टोनची तुलना: आधी काय सारखं करायचं, मग काय ऐकायचं

बास गिटारचे दोन ॲम्प शेजारी ठेवून वाजवले की जो मोठ्याने वाजतो तोच बहुधा सरस वाटतो. हा दोष कानाचा. हळू आवाजात खर्जातले स्वर कानाला क्षीण ऐकू येतात आणि पातळी वाढली की ते भराभर पुढे येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे एक ॲम्प २ डेसिबलनेही वरचढ असेल, तर त्याचा ‘भरदारपणा’ नुसत्या पातळीचा असू शकतो. टोनबद्दल मत द्यायच्या आधी पातळी जुळवा.

त्यासाठी फोनवरचं डेसिबल मीटर चालतं, पण ते ‘सी’ वेटिंगवर (वेटिंग म्हणजे मीटर कोणत्या वारंवारतेला किती वजन देतं ती मांडणी) आणि ‘स्लो’वर ठेवा. बरीच ॲप्स सुरुवातीला ‘ए’ वेटिंगवर असतात आणि ते ५० हर्ट्झला जवळपास ३० डेसिबल कापतं, म्हणजे मीटर नेमका खर्जच ऐकत नाही. फोन एका जागी टेकवून ठेवा, हातात धरू नका. पिंक नॉइज (प्रत्येक ऑक्टेव्हमध्ये सारखी ऊर्जा असलेला फसफसता चाचणी-आवाज) ॲम्पच्या मुख्य इनपुटमध्ये द्या (ऑक्स इनपुट बऱ्याचदा प्रीॲम्पला, म्हणजे टोन घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याला, वळसा घालून जातो) आणि दोन्हींच्या मास्टर नॉबने आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. ईक्यूचा (बास, मिड, ट्रेबल कमीजास्त करणारा) नॉब जरा हलवला तरी हे पुन्हा करायचं. कंटाळवाणं आहे, पण तुलनेचा निम्मा खरेपणा इथेच ठरतो.

कॅबिनेट एकच, जागा एकच

हेडची (स्पीकर नसलेल्या ॲम्पची) तुलना दोन वेगळ्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेट्यांवर) केली तर ती कॅबिनेटची तुलना होते. पोर्ट (हवेसाठी भोक) असलेलं कॅबिनेट त्याच्या ट्यूनिंगच्या खाली दर ऑक्टेव्हला साधारण २४ डेसिबल घसरतं, बंद कॅबिनेट १२. हेडमधला फरक इतका मोठा क्वचितच असतो. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असेल तर आधी पूर्ण बंद करून ऐका, मग चालू करून.

खोलीही खोडी करते. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास लहर उभी राहते आणि बासची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची आहे. कॅबिनेट कोपऱ्यातून काढा, त्याची आणि तुमची जागा खडूने आखून घ्या. स्पीकर गुडघ्याच्या उंचीवर असेल आणि तुम्ही उभे असाल, तर ट्रेबल कानाला चुकवून जातो. २-३ मीटरवर स्टुलावर बसून ऐका. नंतर ई तारेपासून एकेक फ्रेट वर चढत जा. एखादाच स्वर घुमत असेल आणि दुसऱ्या हेडवरही तोच घुमत असेल, तर कारण खोलीत आहे, ॲम्पच्या नावावर लिहू नका.

हेड बदलताना

मास्टर शून्यावर, ॲम्प बंद, मगच केबल. दोन हेडचे आउटपुट एका कॅबिनेटला एकत्र कधीही जोडू नका, गिटारच्या एबी पेडलमधून (सिग्नल एकीकडून दुसरीकडे वळवणाऱ्या स्विचमधून) तर मुळीच नको. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अनेक क्लास डी (हलक्या, स्विचिंग पद्धतीच्या) हेडमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं सिग्नलवर असतात. त्यातलं एक चुकून ग्राउंडला लागलं तरी घात होतो. स्पीकरला स्पीकरचीच केबल लावा, इन्स्ट्रुमेंट केबलमधली तार त्या प्रवाहासाठी फार बारीक असते. ट्यूब ॲम्पचा इम्पीडन्स (ओममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा) स्विच कॅबिनेटशी जुळवा. सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचं) हेड ८ ओमवर ४ ओमच्या साधारण निम्मीच पॉवर देतं, हेही ध्यानात असू द्या.

अदलाबदलीत अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात आधीचा आवाज कानातून पुसट होतो. म्हणून प्रत्येक हेडचं रेकॉर्डिंग करा: तोच माइक, कोनसमोर तेच अंतर, जागा टेपने चिकटवलेली. नंतर संगणकावर फाइलींची पातळी जुळवून, नावं झाकून, दुसऱ्या कुणाला तरी त्या उलटसुलट क्रमाने लावायला सांगा.

वाजवणंही सारखं हवं. लूपरमध्ये (वाजवलेलं साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) एक तुकडा भरून तोच सगळ्या ॲम्पना द्या. त्यात मोकळी ई लांब सोडलेली, एकच स्वर आधी हळू मग जोरात, वरच्या फ्रेट्सवर दोन तारा एकत्र, आणि थोडा स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) किंवा पिक असावा. तारा नव्या राउंडवाउंड घ्या. मेलेल्या तारांवर सगळेच ॲम्प बोदे वाजतात. लूपरमुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते: पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपवर पडणारा भार. ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स १ मेगाओमपेक्षा बराच कमी असेल, तर पॅसिव्ह बासचा ट्रेबल मंदावतो. एक फेरी थेट बास लावून कराच.

बारा वाजता म्हणजे सपाट, असं नाही

सगळे नॉब मधोमध ठेवून ‘फ्लॅट’ तुलना केली, असं सर्रास म्हटलं जातं. फेंडर बासमन घराण्याच्या पॅसिव्ह टोन सर्किटमध्ये नॉब मध्यावर असताना मिड चांगलाच खाली बसलेला असतो. सपाटीच्या जवळ जायचं तर बास आणि ट्रेबल जवळजवळ बंद आणि मिड पूर्ण लागतो. मार्कबास लिटल मार्कवर व्हीएलई आणि व्हीपीएफ हे दोन्ही फिल्टर पूर्ण बंद नसतील तर बाकीच्या नॉबना अर्थ नाही, कारण व्हीएलई वरचे स्वर कापतो आणि व्हीपीएफ ३८० हर्ट्झभोवतीचा भाग कापतो. शिवाय एकाच नावाचे नॉब वेगळ्या जागी काम करतात. लिटल मार्कचा ट्रेबल १० किलोहर्ट्झला आहे, अँपेग एसव्हीटी-सीएलचा ४ किलोहर्ट्झला. पहिल्यावर तो वाढवला की हिस आणि तारांची सळसळ वाढते, दुसऱ्यावर बोटांचा खटका.

खात्री हवी असेल तर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने कमी पातळीचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) इनपुटला द्या आणि ‘पोस्ट’वर (ईक्यूनंतर) ठेवलेल्या डीआय आउटमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणाऱ्या आउटपुटमधून) वक्र मोजा. नॉब थोडेथोडे हलवून सगळ्यांचे वक्र शक्य तितके जवळ आणा. इतकं केल्यावर बरेचसे ‘प्रचंड’ फरक विरून जातात, आणि उरतो तो ॲम्पचा खरा स्वभाव.

उरलेलं ऐकणं

पहिली गोष्ट दाब. गेन तीन ठिकाणी ठेवा: स्वच्छ, जोराच्या फटक्याला क्लिपचा दिवा जेमतेम लुकलुकेल तिथे, आणि त्याच्या पुढे. लूपमधल्या हळू आणि जोराच्या स्वरात १२ डेसिबलचा फरक असेल आणि ॲम्पमधून ७च उरला, तर ५ डेसिबल दाबले गेले. ट्यूब ॲम्प हे दाबणं हळूहळू करतो आणि वरचे हार्मोनिक भरतो. १९६९ च्या ३०० वॉटच्या अँपेग एसव्हीटीची गुरगुर मोठ्या प्रमाणात त्यातूनच येते. सॉलिड स्टेट पॉवर ॲम्प शेवटपर्यंत सरळ राहतो आणि मग एकदम फाटतो, किंवा लिमिटर त्याला अडवतो. हा फरक बैठकीच्या आवाजात कळत नाही. बँडसोबत लागेल त्या पातळीला एक फेरी हवी, कानात इअरप्लग घालून.

दुसरी, कोनवरचा ताबा. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्याने कॅबिनेटच्या रेझोनन्सपाशी खर्ज थोडा फुगतो आणि स्वर संपताना शेपटी राहते. सॉलिड स्टेटमध्ये स्वर लगेच आवरतो. मोकळी ई हाताने थांबवा आणि मागे काय उरतं ते ऐका. डीआयच्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरक बहुधा दिसत नाही.

तिसरी, दोन तारा एकत्र वाजवल्यावर स्वर वेगळे राहतात की त्यांचा गोळा होतो.

टिपणं काढताना ‘उबदार’, ‘मॉडर्न’ असले शब्द टाळा आणि जागा लिहा: ८० हर्ट्झखालचा धक्का, २००-३०० चा बोदेपणा, ५००-८०० ची गुरगुर, २-४ किलोहर्ट्झचा खटका.

शेवटची फेरी ड्रम आणि गिटारच्या ट्रॅकसोबत करा. मिड कापलेला ॲम्प एकटा फार गोड लागतो आणि गिटार आली की हरवतो. ट्रॅकची पातळी कायम ठेवून प्रत्येक हेडचा मास्टर शून्यापासून वर न्या आणि बासच्या ओळीतला प्रत्येक स्वर ओळखू येताच थांबा. मग ट्रॅक बंद करून तोच लूप वाजवा आणि मीटरवरचा आकडा लिहा. एखाद्या हेडला ३ डेसिबल जास्त लागले, तर तितकंच ऐकू येण्यासाठी त्याला दुप्पट वॉट खर्चावे लागतील.