स्पॅनिशमध्ये ‘मला येतं’ कसं सांगाल?

पणजी-मडगावात हॉटेल किंवा गाईडच्या कामासाठी स्पॅनिश शिकत असाल, तर ‘पोहता येतं’ हे वाक्य इंग्रजीवरून नेऊ नका. इंग्रजीतल्या ‘कॅन’मुळे ‘प्वेदो नादार’ तोंडात येतं, पण त्याचा अर्थ ‘मी पोहू शकतो’, म्हणजे सध्या तब्येत बरी आहे किंवा परवानगी आहे. शिकून आलेल्या कौशल्यासाठी ‘साबेर’ हे क्रियापद लागतं, त्याचं ‘मी’साठीचं रूप ‘से’: ‘से नादार’. मराठीत ‘येतं’ आणि ‘शकतो’ हा फरक आधीच आहे. म्हणून मराठीतूनच विचार करा.

‘मला भाषा चांगल्या जमतात’ याला ‘से मे दान ब्येन लोस इदियोमास’ म्हणतात. स्पेनमध्ये हे फार चालतं. रचना अगदी आपलीच: ‘मे’ म्हणजे मला, आणि क्रियापद जमणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं. भाषा अनेक म्हणून ‘दान’. एकटी गिटार असेल तर ‘दा’. इथेच बहुतेक जण चुकतात.

नामांमध्ये ‘आबिलिदाद’ म्हणजे सरावाने आलेलं कसब, ‘तालेंतो’ उपजत गुण, ‘कापासिदाद’ क्षमता. माणसं सहज आपलीशी करण्याच्या गुणाला ‘दोन दे हेंतेस’ म्हणतात. पाहुण्यांच्या धंद्यात हा शब्द मुलाखतीत जरूर वापरा.

घरी पोर्तुगीज येत असेल, तर त्यातला हातोटीसाठीचा ‘जैतु’ स्पॅनिशमध्ये नेऊ नका, तिथे तो सहसा चालत नाही. त्याऐवजी ‘मान्या’ म्हणा, पण एकवचनातच. अनेकवचनी ‘मान्यास’ला खोडी, वाईट सवयी असा वास येतो.