डिझेल हिटर आणि गाडीतली बॅटरी: या चुका टाळा

झोपायची सोय केलेल्या गाडीला ऊब देणारा दोन किलोवॅटचा डिझेल हिटर मंद आचेवर रात्रभर, म्हणजे दहा तास चालला तर साधारण एक-सव्वा लिटर डिझेल जळतं. तेवढं सगळेच मोजतात. त्याच रात्रीत तो बॅटरीतून १२ ते १५ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) ओढतो, ते मात्र फार थोडे मोजतात. आणि ही वीज तो सारख्या दराने घेत नाही, हे तर बऱ्याच जणांना पहाटे गाडी गार पडल्यावरच कळतं.

सुरू करताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापतो. तेव्हा १२ व्होल्टवर ८ ते १० अँपिअर जातात, तेही तीन-चार मिनिटं सलग. ज्वाला धरली की उरतो पंखा आणि डिझेलचा टिकटिकणारा पंप, त्यांना एक-दोन अँपिअर पुरतात. बंद करताना पुन्हा पाच मिनिटं पंखा फिरतो, काही हिटरमध्ये प्लगही परत तापतो, कारण आतलं उरलेलं डिझेल जाळून भट्टी निवायला हवी. थोडक्यात, बॅटरीची परीक्षा चालू असताना नसते, सुरू होताना आणि बंद होताना असते.

आमच्याकडे सर्वात जास्त दिसणारी चूक वायरीची आहे. ओळखीच्या एका कुटुंबाने ट्रॅव्हलर व्हॅन घरच्या घरी सजवली, मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगराखाली मुक्काम केला आणि रात्री अकराला फोन आला: "दादा, हिटर खराब निघाला बघा की, दोनदा पंखा फिरतो आणि एरर देतो." बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवत होती, म्हणून त्यांचा सगळा राग हिटरवर. मी त्यांना मल्टिमीटर बॅटरीवर नव्हे, हिटरच्या जोडावर धरायला सांगितलं, तोही प्लग तापत असताना. तिथे होते १०.४. बहुतेक हिटर साडेदहाच्या आसपास हात वर करतात. वायर घरात वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची, बॅटरी मागच्या दाराशी आणि हिटर ड्रायव्हरच्या सीटखाली. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात १० अँपिअरला एक व्होल्टच्या वर नुसता वायरीतच जातो, वर सैल फ्यूज आणि पकडीने दाबलेले लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे जोड. सहा स्क्वेअर एमएमची वायर घातली की हीच गळती ०.३ व्होल्टवर येते. बेळगावच्या उद्यमबागेत लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून मिळतात, तिथे जा. पकड ही लग दाबायची वस्तू नाही.

तेव्हा हिटर उघडण्याआधी मीटर त्याच्या जोडावर धरा. बॅटरीवर आणि जोडावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष वायरीत आहे. दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच पडत असेल तर बॅटरी थकली आहे.

दुसरी चूक पहिलीइतकीच महाग: हिटर सोलर चार्ज कंट्रोलरच्या (पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या डब्याच्या) लोड टर्मिनलवर जोडणं. जोडायला सोपं वाटतं, पण लहान कंट्रोलरचं ते टोक १० अँपिअरचंच असतं, आणि बॅटरी खाली आली की कंट्रोलर न विचारता लोड तोडतो. हिटर तापलेला असताना वीज तुटली की पंखा थांबतो, उष्णता आतच कोंडते, प्लास्टिकचे भाग आणि सेन्सर भाजतात, काजळीही साठते. मेन स्विचने हिटर बंद करणाऱ्याचंही तेच होतं. हिटर फ्यूज लावून थेट बॅटरीवर घ्या आणि त्याच्याच बटणाने बंद करा. एवढं केलं तर कित्येक हिटर वाचतील.

आता मोठ्या हिटरचा मोह. पाच किलोवॅटचा किमतीत फारसा महाग नसतो, म्हणून लोक तोच घेतात. पण बेळगावच्या थंडीत पारा बाराच्या आसपास. छोट्या गाडीत पाच किलोवॅटचा हिटर कायम सर्वात मंद आचेवर रेंगाळतो, नाहीतर थर्मोस्टॅटवर रात्रीतून आठ-दहा वेळा बंद-चालू होतो. प्रत्येक फेरीला जवळपास एक अँपिअर-अवर जादा. मंद आचेने काजळी धरते, काजळीने पेट घ्यायला उशीर, म्हणून प्लग जास्त वेळ तापतो, म्हणून बॅटरी आणखी खाली. हे चक्र मला फार खटकतं, कारण सुरुवात चुकीच्या मापाची खरेदी असते आणि शिवी बॅटरीला बसते. दोन किलोवॅटचा घ्या, आणि झोपण्याआधी वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा.

बॅटरीचा आकार ठरवताना आपल्या जिल्ह्याची दोन तोंडं लक्षात ठेवा. गोकाक, सौंदत्ती, अथणीच्या पठारावर थंडी रात्रीची, पण दिवसभर ऊन. २०० वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी ७०० ते ९०० वॅट-अवर देतं आणि रात्रीच्या हिटरला लागतात दीडशे-पावणेदोनशे. तिथे चिंता नाही. जांबोटी, कणकुंबीकडे मात्र हिटर जुलैत लागतो, अंथरूण आणि कपडे वाळवायला. तेव्हा मलप्रभेच्या उगमापाशी दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, पॅनेल झाडाखाली असेल तर जवळपास निरुपयोगीच. तिथे तीन दिवस बॅटरीवर काढायचे असतील तर हिटरसाठी ४५ अँपिअर-अवर धरा. फ्रिज वेगळा, आणि तो एकटाच दिवसाला हिटरच्या दुप्पट-तिप्पट खातो.

शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढा, लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० टक्के चालते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत ठेवणारे बरेच आहेत. काम करते, पण ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, झोपायच्या बंद जागेत नको. इथून हिमाचलातल्या स्पितीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: लिथियम शून्याखाली चार्ज करू नका. आणि साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, डिझेल तेवढंच, त्यामुळे काजळी झपाट्याने धरते. उंचीवर डिझेल कमी सोडणारा हिटर हवा.

जुन्या बसची गाडी केली असेल तर सिस्टिम २४ व्होल्टची असू शकते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन मरते. २४ व्होल्टचाच हिटर घ्या.

आणि बॅटरी बसली म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपू नका. धूर मागून आत येतो, हिटरचा सायलेन्सर गळत असेल तर तिथूनही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावा, पेन्सिल सेलवर चालणारा, म्हणजे गाडीची वीज गेली तरी तो वाजेल.