सॅटेलाइट टॅगच्या डेटावरून नकाशा करताय? या चुका टाळा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका तांडेलासमोर (मच्छीमार होडीच्या प्रमुखासमोर) मी एकदा कासवांचा नकाशा पसरला होता. लाल म्हणजे वावर जास्त, पिवळं म्हणजे कमी, असं सांगत होते, तेवढ्यात त्यांनी पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. "ताई, इथं कासव नाय असं म्हणताय काय? इथं तर आमच्या जाळ्यात दर हंगामात येतं." त्या पांढऱ्याचा अर्थ 'कासव नाही' असा नव्हताच. पाठीवर सॅटेलाइट टॅग (उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र) लावलेल्या मोजक्या माद्यांपैकी तिकडे कुणी गेल्याची नोंद नव्हती, एवढंच. पण हे मी नकाशावर कुठे लिहिलंच नव्हतं.

त्यानंतर विद्यार्थ्यांचे बरेच नकाशे तपासले आणि पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसल्या. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. नकाशावरचा ठिपका म्हणजे प्राण्याने तिथे घालवलेला वेळ, असं आपण धरून चालतो. ठिपका खरं तर इतकंच सांगतो की त्या क्षणी प्राणी पाण्यावर आला होता, डोक्यावर उपग्रह होता आणि टॅगचा संदेश त्याला ऐकू गेला. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. त्यामुळे पाण्याखाली काढलेले तास डेटात ठिपका म्हणून येतच नाहीत.

कोकणात हा विषय जानेवारी २०२२ पासून घराघरांत पोचला. वेळास आणि आंजर्ल्याला प्रथमा आणि सावनी, मग गुहागरला रेवा, वनश्री आणि लक्ष्मी अशा पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसले. २०२३ मध्ये गुहागरहूनच बागेश्री आणि गुहा निघाल्या. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा माझ्या ओळखीतले कितीतरी लोक रोज सकाळी तिचा ठावठिकाणा बघत होते. असा डेटा हाताळायच्या बऱ्याच पद्धती मात्र सीलच्या अभ्यासातून आल्या आहेत. सील आपल्याकडे नाहीत. तरीही आपली मुलं सराव करतात तो सीलच्याच डेटावर, आणि पहिली चूक तिथूनच सुरू होते.

सीलची सेटिंग कासवाला लावू नका

'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं, टॅगच्या ठिपक्यांवरून मार्गाचं मॉडेल बांधणारं 'अ‍ॅनिमोटम' हे पॅकेज उघडलं की सोबत नमुन्याला दक्षिण महासागरातल्या एलिफंट सीलचा डेटा मिळतो. उदाहरण नीट चालतं, मग तोच कोड उचलून कासवाच्या फाइलवर चालवला जातो. त्यात कमाल वेगाची मर्यादा मुळात ५ दिलेली असते आणि तिचं एकक आहे मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १८ किमी. कासवांच्या अभ्यासात साधारण ताशी ५ किमी ही मर्यादा धरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. पाचाचा आकडा बघून 'ताशी पाचच तर आहे' म्हणून तो तसाच ठेवणारे मी पाहिले आहेत. अशा वेळी ताशी १५ किमी वेगाने धावणारी कासवं गाळणीतून आरामात निसटतात आणि मार्ग करवतीच्या दातांसारखा दिसतो. मार्ग असा दातेरी दिसला, तर आधी वेगाचं एकक तपासा.

दुसरा फरक अक्षांशाचा. टॅगचे संदेश टिपून जागा काढणाऱ्या आर्गोस यंत्रणेचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. ध्रुवाजवळच्या टॅगवरून एकेक उपग्रह दिवसाला सुमारे १४ वेळा जातो, विषुववृत्ताजवळ मात्र तीन-चार वेळाच. म्हणून ५६ अंशांवरच्या स्कॉटलंडमधल्या सीलचे जितके ठिपके मिळतात, तितके १७ अंशांवर गुहागरच्या कासवाचे मिळणार नाहीत. सीलसाठी कुणी दर दोन तासांची जागा काढली म्हणून आपणही तसंच केलं, तर मधल्या बहुतेक जागा मॉडेलने स्वतःच भरलेल्या असतात. ऑलिव्ह रिडलेसाठी सहा किंवा बारा तासांचं अंतर मला प्रामाणिक वाटतं.

तिसरा फरक जमिनीवरच्या वेळेचा. हार्बर सीलसारखे सील वारंवार खडकावर किंवा वाळूत येऊन पडतात. त्यांचा टॅग सलग दहा मिनिटं कोरडा राहिला की 'किनाऱ्यावर' अशी नोंद सुरू होते, आणि समुद्रातल्या वावराचा नकाशा करताना हा काळ वजा करावा लागतो. तो वजा न केलेल्या नकाशात विश्रांतीचे खडकच लालभडक होतात आणि चरायच्या जागा फिक्या पडतात. आपल्या मादीचा किनाऱ्यावरचा काळ म्हणजे अंडी घालायला येते तेवढाच. तिथे ही वजाबाकी किरकोळ आहे.

कच्च्या ठिपक्यांवर थेट घनता काढू नका

सगळ्यात जास्त नकाशे इथे बिघडतात. समजा, एका दिवशी मादी शांत समुद्रात उन्हाला पाण्यावर तरंगत राहिली आणि १२ ठिकाणं मिळाली. दुसऱ्या दिवशी ती खोल बुड्या मारून खात होती, तेव्हा दोनच मिळाली. कच्च्या ठिपक्यांवर कर्नल डेन्सिटी (ठिपक्यांच्या दाटीवरून वावराचा नकाशा काढायची पद्धत) चालवली, तर पहिली जागा दुसरीच्या सहापट महत्त्वाची दिसते. खरं तर दोन्ही ठिकाणी तिने एकेक दिवसच घालवला, आणि कदाचित पोट भरायची जागा दुसरीच होती. मच्छीमारांशी किंवा वनखात्याशी बोलताना असा नकाशा पुढे ठेवला, तर आपण चुकीच्या पाण्याचं रक्षण मागत असतो. मला ही चूक सगळ्यात जास्त टोचते ती यासाठीच.

उपाय असा. आधी स्टेट-स्पेस मॉडेलने, म्हणजे ठिपक्यांमधली चूक धरून खरा मार्ग अंदाजाने काढणाऱ्या गणिताने, ठरावीक अंतराच्या जागा काढा. मग समुद्रावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत किती तास गेले ते मोजा. चौकट किती मोठी घ्यायची हे टॅगच्या अचूकतेवर ठरतं. आर्गोस प्रत्येक ठिकाणाला अचूकतेचा दर्जा देतं. दर्जा ३ असेल तर चूक २५० मीटरच्या आत, २ ला ५०० मीटरपर्यंत, १ ला १५०० मीटरपर्यंत, आणि शून्याला त्याहून जास्त. ए आणि बी दर्जाला जुन्या पद्धतीत अचूकतेचा अंदाजच नसतो. झेड सरळ काढून टाका. पण ए आणि बी फेकू नका. कासव पाण्यावर थोडाच वेळ असतं, त्यामुळे आपल्या फाइलीत बहुतेक ओळी याच दोन दर्जांच्या असतात. त्या ठेवा आणि मॉडेलला दर्जाचा स्तंभ द्या. जागा किती आणि कोणत्या दिशेला चुकू शकते हे दाखवणारी लंबवर्तुळं फाइलमध्ये दिलेली असतील, तर तीही द्या. जास्त ओळी बी दर्जाच्या असताना एक किमीची चौकट आखणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. ब्रिटनमध्ये सीलच्या नकाशांसाठी ५ किमीची चौकट वापरली गेली आहे. आपण १० किमी घेतली तरी काही बिघडत नाही.

डेटात तीन-चार दिवसांची पोकळी असेल तर मॉडेल तिथेही नेटकी वक्ररेषा काढून देतं. ती रेषा खरी मानू नका. प्रत्येक अंदाजित जागेसोबत तिची प्रमाणत्रुटी (अंदाज किती चुकू शकतो तो आकडा) येते, ती किलोमीटरमध्ये वाचा. मी स्वतः एक दिवसापेक्षा मोठ्या पोकळीतले तास नकाशात धरत नाही.

कासव डोंगरात दिसतंय?

समजा, फाइलमध्ये एक ओळ अशी आहे: दर्जा बी, अक्षांश १७.४८, रेखांश ७३.३१. गुहागरचा किनारा साधारण ७३.१९ वर आहे. म्हणजे ही जागा किनाऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटर आत, चिपळूणच्या दिशेला पडते. बघणारा हसतो आणि ओळ पुसून टाकतो.

पुसू नका. मादी किनाऱ्यालगत असेल तर चुकीचे ठिपके दोन्ही बाजूंना पडणार, काही जमिनीवर आणि काही समुद्रात. जमिनीवरचे चुकीचे ठिपके आपल्याला लगेच दिसतात. समुद्रात तितकेच चुकलेले ठिपके ओळखूच येत नाहीत. फक्त जमिनीवरचे काढले की उरलेल्या सगळ्यांची सरासरी समुद्राकडे सरकते आणि किनाऱ्याला चिकटून राहणारी मादी नकाशात आठ-दहा किलोमीटर बाहेर जाते. आपल्याकडे अगदी किनाऱ्यालगत जाळी लागतात. तिथे हे दहा किलोमीटर फार मोठे आहेत. म्हणून अशी ओळ मॉडेलला द्या, तिच्या मोठ्या चुकीसकट. शेवटच्या मार्गातला एखादा तुकडा तरीही एखाद्या भूशिरावरून गेला, तर तेवढाच तुकडा पाण्यातून वळवा. त्यासाठी जगाची ढोबळ किनारारेषा वापरू नका. त्यात वाशिष्ठी, शास्त्री, जैतापूर या खाड्यांची तोंडं बुजलेली असतात.

कर्नलने काढलेली ९५ टक्के वावराची सीमा पार सह्याद्रीपर्यंत गेली असेल, तर दोष डेटाचा नाही. बँडविड्थ, म्हणजे प्रत्येक ठिपका किती दूरवर पसरवायचा तो आकडा, मोठी झाली आहे.

घड्याळ, तारीख, अंश

हे छोटे घोटाळे आहेत, पण दिवसच्या दिवस खातात.

डेटा जिथून उतरवतो त्या पोर्टलवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या साडेपाच तास मागे. रात्री एक वाजता अंडी घालायला आलेली मादी त्या फाइलीत आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला वाळूवर दिसते. वेळ बदलून घेतल्याशिवाय दिवस-रात्रीची तुलना करू नका.

एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की ०३/०२ चं कधी ३ फेब्रुवारी होतं, कधी २ मार्च. हे फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचं होतं, म्हणून मार्ग काही दिवस सुरळीत चालतो आणि मधेच उड्या मारतो. मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडूच नका.

अंशांत अंतर मोजू नका. १७ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किमी भरतो, स्कॉटलंडमध्ये ६२ च्या आसपास. यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) वापरायचं तर कोकण ४३व्या झोनमध्ये आहे, पण ७२ रेखांशाच्या पश्चिमेला ४२वा लागतो. रत्नागिरीहून कासव पश्चिमेला समुद्रात १४० किमी गेलं की झोन बदलला. बागेश्रीसारखी मादी तर पूर्वेकडचे झोनही ओलांडते. त्यापेक्षा तुमच्या सगळ्या मार्गांच्या मध्यावर केंद्र ठेवून समक्षेत्र प्रक्षेपण (क्षेत्रफळ जसंच्या तसं राखणारी नकाशाची मांडणी) घ्या.

एका मादीचा नकाशा सगळ्यांच्या नावावर खपवू नका

एका टॅगने २१० दिवस डेटा दिला आणि दुसऱ्याने ३५, तर सगळे तास एकत्र केलेला नकाशा सातात सहा भाग पहिल्या मादीचा असतो. आधी प्रत्येक मादीचे तास तिच्या स्वतःच्या एकूण तासांनी भागा, मग सरासरी काढा. तरीही ३५ दिवसवालीचा डेटा फक्त फेब्रुवारी-मार्चचा असणार, म्हणून महिन्यांचे नकाशे वेगळे करा आणि प्रत्येकावर किती माद्या आहेत ते लिहा.

टॅग लावलेल्या किनाऱ्यासमोरचा लाल डागही जपून वाचा. प्रत्येकीचा प्रवास तिथूनच सुरू होतो, त्यामुळे तिथे गर्दी दिसणारच. शिवाय काही माद्या त्याच हंगामात काही आठवड्यांनी पुन्हा अंडी घालतात आणि तोवर किनाऱ्याच्या आसपास राहतात. हा काळ आणि पुढचा लांबचा प्रवास एका नकाशात मिसळू नका. नर तर किनाऱ्यावर येतच नाहीत, म्हणून आपल्याकडे त्यांचा नकाशाच नाही.

सीलच्या नकाशावर 'या चौकटीत इतके सील' असं लिहिलेलं बघून आपणही 'इतकी कासवं' लिहायला जातो. त्यांना ते जमतं, कारण हार्बर सील ऑगस्टमध्ये जुने केस गाळायला किनाऱ्यावर येतात तेव्हा विमानातून त्यांची मोजणी होते. त्या वेळी सुमारे ७२ टक्के सील बाहेर असतात, हे टॅगवरूनच काढलेलं आहे. या दोन आकड्यांवरून एकूण संख्येचा अंदाज बांधून टॅगचे मार्ग तिला जोडता येतात. आपल्याकडे घरट्यांची मोजणी आहे, समुद्रातल्या कासवांची नाही. म्हणून आपल्या नकाशाचं एकक 'वेळेचा वाटा' हेच राहायला हवं.

पंखाला लावलेल्या धातूच्या पट्टीची गोष्ट आणखी वेगळी. २०२१ मध्ये ओडिशात पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बातमी ऐकून मला रात्रभर झोप आली नाही, इतकी ती मोठी होती. पण त्यातून दोन ठिकाणं कळतात, मधला रस्ता कळत नाही. त्या दोन ठिकाणांमध्ये रेषा ओढून तिला 'मार्ग' म्हणू नका.

टॅग गप्प झाला म्हणजे कासव मेलं, हेही लिहू नका. बॅटरी संपते, अँटेना तुटते, ओला-कोरडा सेन्सर शेवाळ आणि शंखांनी झाकला जातो. सीलचा टॅग केसांना चिकटवलेला असतो, तो केस गळताना त्यांच्यासोबत पडूनच जातो. शेवटच्या आठवड्यातलं बॅटरीचं व्होल्टेज बघा. अचानक ३ दर्जाचे भरपूर ठिपके येऊ लागले आणि सेन्सर सतत कोरडा दाखवत असेल, तर टॅग पाण्याबाहेर आहे. तो वाळूवर असेल किंवा एखाद्या होडीत.

आता मी डेटा नसलेल्या चौकटी पांढऱ्या ठेवत नाही, राखाडी तिरप्या रेघांनी भरते आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिते: 'नोंद नाही'. तसा नकाशा घेऊन मी पुन्हा मिरकरवाड्याला गेले, तेव्हा त्याच तांडेलांनी जाळ्यात कासव आलेल्या जागा त्यांच्या जीपीएसवरून वाचून दाखवल्या. तिथे मी एक चूक केली. होडीवरच्या जीपीएसमध्ये अंश आणि मिनिटं होती. १६ अंश ५८.५ मिनिटं मी १६.५८५ असं टिपलं. खरा आकडा १६.९७५. फरक ४३ किमीचा, म्हणजे रत्नागिरीसमोरची जागा विजयदुर्गाशेजारी गेली. चूक पकडली ती त्यांनीच, पाण्याची खोली विचारून. तेव्हापासून कुणीही जागा सांगितली की मी सोबत "किती वाव पाणी?" हेही विचारते. एक वाव म्हणजे जवळपास सहा फूट. नकाशावरची खोली आणि तांडेलाची वाव जुळली नाही, तर आधी आपला आकडा तपासायचा.