जुलाब घरी सांभाळावेत की दवाखाना गाठावा?

चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा पातळ शौचास झाले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या सवयीपेक्षा हे प्रमाण स्पष्टपणे वाढले, तर त्याला जुलाब म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून अनेकदा पिवळसर, सैल शी होते. ते जुलाब नव्हेत आणि त्यासाठी औषधही लागत नाही. बाकीच्यांचे बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. मात्र दवाखान्यात जायचे की नाही हे ठरवताना घरोघरी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वेळा झाले?’ हा, आणि नेमका तोच आकडा सर्वांत फसवा आहे. दहा वेळा जाऊन आलेला पण पाणी पिणारा, नीट बोलणारा, वेळच्या वेळी लघवीला जाणारा तरुण घरी सांभाळता येतो. चार वेळा शी करून निपचित पडलेले वर्षाचे मूल घरी ठेवता येत नाही. जुलाबाने माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, म्हणजे शोष पडल्यामुळे. म्हणून आधी शोष ओळखायला शिकावे.

मुलाकडे दुरूनच पाहायला सुरुवात करावी. मूल किरकिरे झाले आहे, कशानेच शांत होत नाही, डोळे खोल गेले आहेत आणि पाण्याची वाटी दिसताच ते तिच्यावर झडप घालते, ही शोष पडू लागल्याची चिन्हे आहेत. त्यानंतर पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा व तर्जनी यांनी त्वचेचा उभा चिमटा हलकेच धरून सोडावा. त्वचा लगेच सपाट झाली तर ठीक, सावकाश झाली तर शोष आहे, आणि घडी दोन सेकंद किंवा त्याहून जास्त तशीच राहिली तर तो तीव्र शोष समजावा. यांपैकी कोणतीही दोन चिन्हे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल गळून गेले असेल, हाक मारूनही नीट जागे होत नसेल, ओठांशी चमचा नेला तरी पिऊ शकत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसणे आणि रडताना डोळ्यांत पाणी न येणे, हेही दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

चिमट्याची ही परीक्षा सर्वांना सारखी लागू पडत नाही. कुपोषित मुलाची आणि वृद्धाची त्वचा मुळातच सैल असते, तर गुटगुटीत बाळाची त्वचा शोष असूनही चटकन सपाट होते. अशा वेळी लघवीवर लक्ष ठेवावे. सहा-आठ तास लघवी झाली नसेल, बाळाचे लंगोट तेवढा वेळ कोरडे असेल, किंवा मोठ्या माणसाची लघवी थोडी आणि गडद पिवळी होत असेल, तर शरीर पाणी राखून ठेवण्याची धडपड करत आहे असे समजावे. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधडणे, हातपाय गार पडणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही मोठ्यांमधील चिन्हे आहेत. वृद्धांना तहान कमी लागते. त्यामुळे ‘मला काही नको’ या उत्तरावर समाधान मानू नये.

काही रुग्णांच्या बाबतीत चिन्हे दिसेपर्यंत थांबणेच योग्य नाही. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला जुलाब झाले की थेट डॉक्टरांकडे न्यावे आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाबाबतही दिवस दवडू नये. कुपोषित किंवा नुकताच गोवर येऊन गेलेले मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी लवकर सल्ला घ्यावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जुलाबात त्या घ्याव्यात की थांबवाव्यात हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. स्वतःच्या मनाने काही ठरवू नये. दात येताना जुलाब होतातच, ही आपल्याकडची ठाम समजूत आहे. त्या वयात मूल रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे जंतुसंसर्ग सहज होतो. दातांच्या नावावर तो सोडून दिला की उपचार लांबतात.

यानंतर शौचाकडे पाहावे, किळस वाटली तरी. रक्त पडणे, किंवा आव आणि रक्त एकत्र पडणे, ही हगवण असू शकते. तिला डॉक्टरी उपचार लागतात. अशा आजारानंतर मूल फिकट पडले आणि लघवी कमी झाली, तर मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याची शंका घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे. डांबरासारखे काळे, चिकट शौच हे जठर किंवा आतड्याच्या वरच्या भागातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते आणि बिटाने लालसर, हे आधी आठवून पाहावे. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी एकसारखे जात असेल, तर पटकीची, म्हणजे कॉलराची, शंका येते. त्यात धडधाकट माणूसही काही तासांत खचतो. बाळ थांबून थांबून कळवळून किंचाळत असेल, हिरवी उलटी करत असेल, आणि शीमध्ये जेलीसारखे रक्त दिसत असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. ती शस्त्रक्रियेची तातडी असते, जुलाबाच्या औषधाची नव्हे.

सतत एकाच जागी दुखणारे पोट, विशेषतः उजवीकडे खाली, फुगून टणक झालेले पोट, १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, आणि घोटभर पाणीही टिकू न देणाऱ्या उलट्या ही दवाखाना गाठण्याची आणखी काही कारणे. फवारणी करून आलेल्या शेतकऱ्याला जुलाबाबरोबर तोंडाला लाळ सुटत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊनच रुग्णालय गाठावे. एकाच पंगतीत जेवलेल्यांना किंवा उपवासाची भगर खाल्लेल्या सगळ्या घराला एकदमच त्रास सुरू झाला, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे इतरांना वाचवता येते.

काळाची मर्यादा त्यामानाने सोपी आहे. मोठ्या माणसाला दोन दिवसांत उतार पडला नाही आणि लहान मुलाला चोवीस तासांत, तर दाखवावे. चौदा दिवसांवर गेलेले जुलाब, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, किंवा नुकत्याच घेतलेल्या प्रतिजैविकांनंतर सुरू झालेले जुलाब यांची तपासणी व्हायलाच हवी.

जायचे ठरले तरी आणि नाही ठरले तरी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसचे क्षार-साखरेचे पाणी, पहिल्या जुलाबापासूनच सुरू करावी. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे, हे वाचून तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. पेल्याला चिमूटभर असे अंदाजाने केलेले द्रावण कमी-अधिक खारट होते आणि ते अपायकारक ठरू शकते. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तितके द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरुवात करावी. उरलेले द्रावण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. मुलाचे अंगावरचे दूध, मऊ वरणभात, पेज, ताक चालूच ठेवावे. उपाशी ठेवल्याने आतडे लवकर बरे होत नाही. मुलांना जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या चौदा दिवस देतात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब थांबले तरी हा क्रम पूर्ण करायचा असतो. जुलाब ‘बांधणाऱ्या’ गोळ्या मुलांना मुळीच देऊ नयेत, आणि रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. शीतपेये आणि डब्यातले रस जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतील जादा साखरेने जुलाब वाढतात.

डॉक्टरांनी सलाईन लावले नाही म्हणून नाराज होणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिण्यास देऊन असंख्य जीव वाचवले. पिता येणाऱ्या रुग्णाला तोंडाने दिलेले पाणी शिरेतल्या पाण्याइतकेच उपयोगी पडते. सलाईन लागते ते तीव्र शोष असलेल्याला किंवा पिऊ न शकणाऱ्याला.

निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्यावे: त्रास केव्हा सुरू झाला, शेवटची लघवी किती वाजता झाली, काय काय प्यायला दिले, शौचात काय दिसले, आणि कोणती औषधे घेतली. वाटेत द्रावण पाजत राहावे. जुलाब थांबल्यानंतरही एक-दोन आठवडे सावध असावे, कारण क्वचित हातापायांना मुंग्या येऊन पायांतील ताकद जाऊ लागते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यांतील कित्येकांना आधी जुलाब झाले होते. जिना चढता येईनासा झाला, किंवा गिळताना व श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर अशक्तपणा म्हणून न थांबता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.