फुलपाखरांचे फोटो काढायचेत? आधी झाडं ओळखा

कॅमेरा घेऊन फुलपाखरामागे पळणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. ते कुठे येणार, कशासाठी येणार आणि किती वेळ टेकणार याचा अंदाज असेल, तर साध्या मोबाइलवरही छान फोटो मिळतो. त्यामुळे लेन्सचे भाव बघणं थोडं लांबणीवर टाका.

१. झाडांपासून सुरुवात करा

फुलपाखराची मादी कुठल्याही पानावर अंडी घालत नाही. प्लेन टायगरला रुई लागते, लाइम आणि कॉमन मॉर्मनला लिंबू किंवा कडीपत्ता, कॉमन जेझबेलला बांडगूळ. बाल्कनीतल्या कुंडीत पानफुटी असेल तर रेड पिएरो तिथेही हजर होतं. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते आणि बाहेरून नुसता फिकट डाग दिसतो. मध प्यायला घाणेरी, एकदांडी, जमैकन स्पाइक यांच्यावर गर्दी असते. घाणेरी हे परदेशी तण, जंगलाला त्रासदायकच, पण फोटोवाल्यांचं तिच्यावाचून अडतं खरं.

सगळी मंडळी फुलांवर येत नाहीत. कॉमन बॅरनला सडकं फळ प्रिय. खुळखुळ्याच्या वाळलेल्या झुडपावर ब्लू टायगर आणि कॉमन क्रोचे नर बराच वेळ चिकटून असतात, कारण त्यातली रसायनं त्यांना गंध तयार करायला लागतात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून क्षार शोषणारे नर तर घोळक्याने बसतात. याला चिखलपान म्हणतात. सोंड एकदा मातीत रुतली, की ही मंडळी सहजी उठत नाहीत. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

२. वेळ साधा

सह्याद्रीच्या बाजूला पावसाळा ओसरताना, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, सर्वांत चांगला हंगाम. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतची ओवळेकर वाडी, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सिंधुदुर्गातली आंबोली ही नावाजलेली ठिकाणं. पण सरावाला घरामागचं गवताळ मैदानही पुरतं.

सकाळी आठ ते साडेदहा गाठा. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं, म्हणून कोवळ्या उन्हात ते पंख पसरून बसतं. दुपारी तेच फुलपाखरू तुम्हाला दमवेल, शिवाय ऊन पांढरंफटक पडतं.

३. कॅमेऱ्याची मांडणी

१०० मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारकावे टिपणारी, उत्तम. ती नसेल तर ७०-३०० मिमीची झूमही चालते. लांबून फोटो घेता आल्याने फुलपाखरू बिचकत नाही. मोबाइलवर मात्र मॅक्रो मोड टाळा. बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, तोवर पाखरू उडालेलं असतं. दुपटी-तिपटीची टेली लेन्स वापरा.

बसलेल्या फुलपाखरासाठी शटर १/५०० सेकंद आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) गरजेनुसार वाढू द्या. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र वाया जातो. मॉर्मन, लाइम यांसारखी शेपटीवाल्या कुळातली फुलपाखरं मध पितानाही पंख फडफडवत राहतात, त्यांच्यासाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं.

४. जवळ जाण्याची रीत

फुलपाखराला जवळपास चहूबाजूंचं दिसतं, त्यामुळे पाठीमागून गुपचूप जाण्याला अर्थ नाही. ते खाण्यात गुंगेपर्यंत थांबा, मग खाली वाकून हळूहळू सरका. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उडालंच, तर जागेवरच थांबा. डॅनॅइड एगफ्लायचा नर आपली हद्द राखतो आणि एक चक्कर मारून बऱ्याचदा त्याच काडीवर परत बसतो.

फोटोसाठी फुलपाखरू पकडणं, गारठवून सुस्त करणं, फांदी हलवून उठवणं हे प्रकार करू नका. बोट लागलं तरी पंखांवरचे खवले निघतात आणि ते पुन्हा उगवत नाहीत. शिवाय अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

५. फोकस डोळ्यावर

पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे संपूर्ण पंख स्पष्ट येतो. फोकस डोळ्यावर. छोट्या निळ्या फुलपाखरांच्या बाबतीत जरा जपून: यांतल्या काहींच्या मागच्या पंखांच्या टोकाला ठिपके आणि मिशांसारख्या बारीक शेपट्या असतात. पंख वरखाली घासत ते त्या हलवत राहतात, म्हणजे शत्रूने त्यालाच डोकं समजून या खोट्या डोक्यावर झडप घालावी. शत्रूच्या जोडीने फोटोवालाही फसतो.

६. नाव शोधताना

एकाच फुलपाखराचे पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. कॉमन जेझबेल वरून बरंचसं पांढरं असतं. पिवळाधमक-लाल रंग खालच्या बाजूला असतो आणि त्यावरूनच त्याला मराठीत हळदीकुंकू म्हणतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर जाणकार नाव सुचवतात, ठिकाण आणि तारीख तेवढी नीट लिहा.

अंधूक फोटो पुसण्याआधीही एकदा मागचा पंख बघा. डॅनॅइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीच्या पंखावर वरच्या कडेला एकच. तेवढा ठिपका दिसत असेल, तर तो फोटो ठेवा.