हळव्या मुलांच्या आईबाबांसाठी: ताणाची वही

मी शाळेत समुपदेशक आहे. ‘आमची मुलगी सगळं मनाला लावून घेते, पुढे डिप्रेशन येईल का हो?’ असं आईबाबा दबक्या आवाजात विचारतात. मी खरं ते सांगते. चटकन धास्तावणाऱ्या, झालेलं मनात घोळवत बसणाऱ्या मुलांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पण अशी कितीतरी मुलं छान मोठी होतात. स्वभावावर ताणाचं ओझं पडलं की धोका वाढतो, म्हणून लक्ष ताणाकडे द्या.

त्यासाठी एक वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मुलाच्या हातात नसलेले ताण लिहा: घरातलं आजारपण, शाळा बदलणं, आजोबा जाणं. उजवीकडे ज्यात त्याच्या वागण्याचाही वाटा होता ते: भांडणं, अबोला, अर्धवट सोडलेला प्रकल्प. मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅमन यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या आयुष्यात हे दुसऱ्या प्रकारचे ताण, विशेषतः नात्यांतले, जास्त होते. (वही तुमच्यापुरती. मुलासमोर पुरावा म्हणून कधीही उघडू नका.)

डावीकडचं टळत नाही. त्या दिवसांत झोप सांभाळा, एखादा क्लास बंद करा. खरं काम उजवीकडे आहे. समजा, मैत्रिणीने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही. मुलगी रात्री रागाने चार मेसेज टाकते, मग तिला ब्लॉक करते, आणि दुसऱ्या दिवशी डबा एकटीच खाते. इथे ‘एवढं काय त्यात?’ म्हणू नका. आधी विचारा, ‘उत्तर आलं नाही तेव्हा काय वाटलं?’ पूर्ण ऐकून घ्या. मग, ‘उत्तर न देण्याची आणखी काय कारणं असतील?’ कारणं तिलाच शोधू द्या. रागातला मेसेज सकाळपर्यंत थांबवायचा, एवढंच तिच्याशी ठरवा. असं एकेक भांडण टळलं, तरी ताण खरोखर कमी होतो.

दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मूल उदास किंवा चिडचिडं असेल (या वयात उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसू शकते), आवडीचं सुटलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ‘जगू नये असं वाटतं का?’ हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.