अमेरिकन मतदाराचा पक्ष आणि त्याची विचारसरणी वेगवेगळी कशी वाचावी

अमेरिकेतील निवडणूक सर्वेक्षण हाती आले की आकड्यांच्या आधी प्रश्न वाचावेत. ‘अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज’ या जुन्या मतदार-अभ्यासात पक्ष आणि विचारसरणी यांचे प्रश्न स्वतंत्र असतात. पक्षाच्या प्रश्नाला ‘इंडिपेंडंट’, म्हणजे कोणत्याच पक्षाचा नाही, असे उत्तर देणाऱ्याला त्यातल्या त्यात कोणता पक्ष जवळचा वाटतो, असेही विचारतात. हा पुढचा प्रश्न गाळलेला असेल तर इंडिपेंडंटांच्या संख्येवर विसंबू नये, कारण एका बाजूला कललेले बहुतेक जण मतदानाच्या दिवशी त्या पक्षाच्याच माणसांसारखे वागतात.

विचारसरणीच्या प्रश्नातील ‘लिबरल’चे भाषांतर टाळावे. ‘उदारमतवादी’ म्हटले की आपल्याला रानडे-गोखले आठवतात. अमेरिकन लिबरल मात्र आरोग्यविमा, किमान वेतन अशा बाबतींत सरकारने पुढाकार घ्यावा, असे म्हणणारा असतो.

त्यानंतर मतदार स्वतःला काय म्हणवतो हे बाजूला ठेवून एकेका मुद्द्यावर त्याने काय केले ते पाहावे. फ्लोरिडात २०२० साली एकाच मतपत्रिकेवर ट्रम्प यांना सुमारे ५१ टक्के मते मिळाली, आणि किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर नेणाऱ्या राज्याच्या घटनादुरुस्तीला सुमारे ६१ टक्के. ट्रम्प रिपब्लिकन, तर ही दुरुस्ती डेमोक्रॅटांच्या धोरणाशी जुळणारी होती. तरीही लाखो मतदारांनी ट्रम्प आणि वेतनवाढ या दोहोंना मत दिले, हे साध्या बेरजेनेच कळते. माझ्या मते अशी एक मतपत्रिका दहा सर्वेक्षणांपेक्षा अधिक शिकवते.

मतदार म्हणून नाव नोंदवताना अनेक राज्यांत पक्षही नोंदवता येतो; या नोंदणीचे आकडे तर जपूनच वापरावेत. केंटकीत १९९६ नंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला अध्यक्षपदासाठी कौल मिळालेला नाही, पण मतदारनोंदणीत रिपब्लिकन पुढे गेले ते थेट २०२२ साली. तेथील प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्या त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच भाग घेता येतो. अनेक कौंट्यांत (जिल्ह्यांसारख्या विभागांत) स्थानिक पदांचा खरा निकाल डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीतच लागत असे, त्यामुळे जुनी नोंद बदलण्याची कोणाला घाई नव्हती.

शेवटी अर्थव्यवस्थेविषयीची उत्तरे तपासावीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने निकाल लागताच, ते पदावर येण्याआधीच, रिपब्लिकनांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटू लागली. २०२० मध्ये ट्रम्प हरल्यावर रिपब्लिकनांचेच मत पुन्हा फिरले. अशा उत्तरांपुढे समासात पेन्सिलीने ‘पक्ष’ असे लिहून ठेवावे आणि विचारसरणीच्या हिशेबात ती धरू नयेत.